ज्याचं गाऱ्हाणं त्यानं

लवू खलाशी शुद्धीत असला, की दाभोळ बंदरात त्याच्याइतका गोड माणूस नव्हता. पण मचवा खाडीत शिरून नांगर पडला, की त्याचे पाय घराऐवजी गुत्त्याकडे वळत. एका शिमग्यात त्याने बायकोला, मालनला, पालखीसमोर सगळ्यांदेखत ढकललं. ती पडली, उठली, लुगडं झटकलं आणि पोरीला कडेवर घेऊन आंजर्ल्याला माहेरी निघून गेली. भांडून गेली असती, तर लवूला बरं वाटलं असतं.

ही एकोणीसशे चौतीसच्या आसपासची गोष्ट. त्या वर्षी माल उतरवायला रत्नागिरीला गेला असताना तो दारूबंदीच्या एका सभेतही जाऊन बसला. वक्त्याने दारुड्याच्या सडलेल्या काळजाचं रंगीत चित्र दाखवलं. बघता बघता लवूच्या घशाला कोरड पडली, आणि सभेतून उठून तो नेहमीच्याच वाटेने गेला.

बंदरावर शिडं ठेवायची एक झोपडी होती, त्या खोपीतल्या बैठकीचं त्याला भिकाजीने सांगितलं. भिकाजी शिडं शिवायचा. पूर्वी गुत्त्यावर लवूच्या शेजारीच बसायचा, पण आता कित्येक वर्षांत थेंब घेतला नव्हता.

"शनवारी दुपारी खोपीत ये. चारजण असतो आम्ही. भाषण कोण करत नाय."

"मग करता काय?"

"गाऱ्हाणं घालतो."

लवूला हसू आलं. गाऱ्हाणं घालायचं देवळात, आणि तेही गुरवाने. आपलं दुखणंखुपणं तो देवाच्या कानावर घालणार, आपण हात जोडून मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तेवढंच तर आपलं काम.

तरी शनिवारी तो गेला. मेणाच्या दोऱ्याचा वास, गुंडाळलेलं एक जुनं शीड, त्यावर चार माणसं. तरीवर माणसं पैलतीरी नेणारा म्हातारा आप्पा बोलत होता, "आईला अग्नी द्यायला मी शुद्धीत नव्हतो. धाकट्यानं दिला."

"व्हय म्हाराजा," बाकीचे म्हणाले. कुणी समजूत घातली नाही, कुणी मान हलवली नाही.

लवूची पाळी आली. तो म्हणाला, "भिकाजीदादा, माझं तुम्ही घाला. मला तसलं बोलता येत नाय."

"गुत्त्यावर तर आम्हाला बोलू देत नव्हतास."

सगळे हसले. भिकाजी पुढे म्हणाला, "गुरव पायजे तर देवळात जा. हितं ज्याचं त्यानं."

त्या हसण्यात लवूला मोकळं वाटलं, आणि तोंडातून निघून गेलं, "मी गौरी-गणपतीपासून दारूला शिवलो नाय."

"व्हय म्हाराजा," चौघे म्हणाले.

त्याने आदल्याच दिवशी घेतली होती. खोटं तो काही पहिल्यांदा बोलला नव्हता. पण आजवर त्याच्या खोट्याला समोरचा हसायचा, नाहीतर रडायचा. देवासमोर म्हणायच्या शब्दांनी ते कुणी उचलून धरलं नव्हतं. आजपासून ते खरं करायचं, असं ठरवून तो घरी गेला. काही दिवस केलंही. मग एका संध्याकाळी पाय वळलेच. पुढच्या शनिवारी त्याने तेच सांगितलं, त्याच्या पुढच्याही. एकदा मिळालेलं 'व्हय' परत कसं करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

लवूने दारू सोडली, असा भिकाजीने भल्या मनाने आंजर्ल्याला निरोप धाडला. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मालनचा धाकटा भाऊ दादू हर्णैहून आगबोटीने आला.

"भावोजी, अक्का यायचं म्हणतेय. पोरगी तर रोज विचारते. पण मीच म्हटलं, आधी आपल्या कानांनी ऐकून येतो. भिकाजीदादा बसू देतायत मला आज."

लवूने नुसती मान डोलावली. काल संध्याकाळी त्याने घेतली होती. सकाळपासून तो लवंगा चघळत होता.

खोपीत दादू दाराशी बसला, गुडघ्यांत छत्री उभी धरून. लवूची पाळी आली, तेव्हा तो किंचित पुढे झुकला. चेहऱ्यावर आधीच समाधान होतं. नेहमीचं वाक्य लवूच्या ओठांवर तयार होतं. ते म्हटलं, की मालन घरी येणार होती. पालखीसमोर पडली, तेव्हा तिला जायला माहेर तरी होतं. आता भावाच्या शब्दावर आली आणि पुन्हा पडली, तर त्या दारात ती कुठल्या तोंडाने उभी राहील?

"मी काल घेतली," लवू म्हणाला. "गौरी-गणपतीपासूनचं खोटं हाय. पहिल्या दिवशीपण खोटंच होतं."

भिकाजीच्या हातातली सुई थांबली.

"आम्ही त्यावर व्हय म्हटलं रे," आप्पा म्हणाला. "दर शनवारी म्हटलं."

"म्हणून तर झोप नव्हती मला."

"आता खरं बोललाय," भिकाजी हळू म्हणाला. "आता म्हणा." त्याने म्हटलं, मग आणखी दोघांनी. आप्पा म्हणाला नाही.

दादू उठून बाहेर गेला. लवू त्याच्या मागे गेला.

"अक्काला काय सांगू?"

"ऐकलंस ते."

"मग ती यायची नाय."

"आता नकोच येऊ दे."

दादू छत्रीच्या टोकाने वाळू उकरत राहिला. "गप्प बसला असतात, तर पुढच्या बोटीनं घेऊन आलो असतो तिला," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग होता की आणखी काही, हे लवूला कळलं नाही. विचारायच्या आत तो धक्क्याकडे चालू लागला.

आत आप्पाने आपलं गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली होती. आवाजात अजून चीड होती. लवू परत आला. शिडावर त्याच्यापुरती जागा होती, पण तो तिकडे गेला नाही. दाराशी, दादू बसला होता तिथे, जमिनीवर बसून तो ऐकू लागला.