जिवतीच्या डोंगरावर अंबाडीच्या फुलांची गरम वाइन

तीन महिन्यांनी रेणुकाचं उत्तर आलं ते एवढंच: "ये. आई घरी आहे. फुलांसाठीच ये."

मी विचारलं होतं, तुमच्या शेतातली अंबाडीची लाल फुलं मिळतील का. खरं तर मला माफी मागायची होती. तिसऱ्या वर्षाला हजेरीवरून सरांशी भांडून मी कॉलेज सोडलं, तेव्हा माझ्याच वर्गातली रेणुका समजवायला आली आणि मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडलो. ती उठून गेली ती गेलीच. त्याआधीच्या हिवाळ्यात आम्ही मसाला घालून गरम केलेल्या वाइनचा व्हिडिओ पाहिला होता. त्यातला माणूस सुकी जास्वंद टाकत होता. "ही तर आमची अंबाडी," रेणुका हसली होती. "एकदा करू." ते 'करू' धरून मी भद्रावतीहून सकाळची एसटी पकडली.

चंद्रपूरला लाल वाइन घेतली, दालचिनी-लवंगही तिथंच. पावती जपून ठेवा, आणि पुढं गडचिरोलीकडं जाणार असाल तर बाटली नेऊ नका, त्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. राजुरा, गडचांदूरपर्यंत एसटी, मग घाटात जीप. माझ्याकडून सीटचे पन्नास रुपये घेतले, बाटली सांभाळायला मांडी माझीच. वर पोचलं की दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर, आणि भर दुपारीही स्वेटर लागेल असा वारा.

रेणुकाच्या आईनं दारातच मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तूच काय तो भांडखोर पोट्टा?"

"हाव, काकू."

"भांडणं मंग करशीन. आधी जेव."

ज्वारीची भाकर आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी. रेणुका खाली पाहूनच वाढत होती. जेवण झाल्यावर ती भांडी घेऊन बसली आणि मी टोपली उचलून एकटाच शेतात गेलो. वाटलं, भरून आणतो, खूश होईल. धुऱ्यावर, म्हणजे बांधाला, चार झाडं सगळ्यांत उंच, फुलं गडद लाल. प्रत्येकाला एक चिंधी बांधलेली. नजर लागू नये म्हणून असेल, असं समजून मी चारही झाडं ओरबाडली.

रेणुका आली आणि जागच्या जागी थांबली.

"बियासाठी राखलेली झाडं होती ती! चिंध्या दिसल्या नाई काय तुले?"

"मले वाटलं, नजरेसाठी..."

"विचाराचं होतं ना. तू विचारतच नाईस कोणाले."

"मग आधी सांगायचं होतं!" तोंडातून निघून गेलं. तिचा चेहरा थेट कॅन्टीनमधल्यासारखा झाला. मी जीभ चावली, पण उशिरा.

काकूंनी एक बोंड नखानं फोडलं. आत कच्चं, पांढरं बी. "हे आता उगवत नाई," त्या म्हणाल्या, अजिबात आवाज न चढवता. "गावात जा. मूठ मूठ बी माग. काऊन पाहिजे तेही सांगजो."

पाच घरं हिंडलो. रेणुका माझ्यामागं, प्रत्येक दाराशी थोडी लांब उभी. "काकूंची बियाची झाडं मी खुडली, मला माहीत नव्हतं," मी सांगायचो. एक म्हातारे इतके हसले की त्यांना खोकला लागला. तिसऱ्या घरापासून 'मला माहीत नव्हतं' आपोआप गळालं.

दिवस मावळताना चूल पेटवली. बोंडं काढून टाकायची, नुसत्या लाल पाकळ्या धुऊन घ्यायच्या. दोन मुठी पाकळ्या, पेलाभर पाणी, आलं, दालचिनी, चार लवंगा, गुळाचा खडा. पाणी रक्तासारखं लाल झालं की लाकडं मागं ओढून मगच वाइन ओतायची. उकळू द्यायची नाही. वाफ दिसली की उतरवायची.

काकूंनी पिण्याआधी चार थेंब जमिनीवर सोडले. "आधी आपल्या जुन्या मानसांले." मग घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "मोहाच्या दारूची सर नाई. खोकल्याले बरी आहे." आणि कोंबड्या झाकायला बाहेर गेल्या.

"रेणुका," मी म्हणालो, "तू बरोबर बोलत होतीस, म्हणूनच मी ओरडलो होतो."

तिनं दोन्ही हातांत पेला धरला होता. "आज पाच घरी ऐकलं तुले. हे सहावं."

"मग?"

"मग काई नाई. थंडी होऊन राह्यली, पी."

रात्री मी शेजारच्या घरी झोपलो आणि सकाळच्या जीपनं उतरलो.

घरी येऊन आठवडा झाला. काकूंच्या घरची पिशवीभर सुकी फुलं आणली होती, निम्मी संपली. रेणुका माझी झाली का, असं मित्र विचारतात. नाही झाली. काल मात्र तिचा फोन आला. "आता कॉलेजचं काय कराचं ठरवलं तू?" मी म्हणालो, "ठरलं नाही. तुला काय वाटतं?" मग ती बोलायला लागली. बरंच बोलली. मी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही.