काळी पाच आणि बाबांचं बोट

"तू कुठल्याही पट्टीत गा, मी गिटार वाजवतो," असं मी मालूला म्हणालो. त्या वेळी मला गिटारवर एकच गाणं येत होतं, आणि तेही एकाच पट्टीत.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. घोडपदेवच्या आमच्या चाळीत तेव्हा माणसं पानावर कमी आणि सभेला जास्त बसत. समोरच्या चाळीतले तात्या, म्हणजे मालूचे वडील, शाळामास्तर होते. शिवाय चळवळीचे कार्यकर्ते, शिवाय वक्ते, शिवाय (कुणी आग्रह केलेला नसताना) कवी. मालू केस विंचरताना गॅलरीत जी चाल गुणगुणायची, त्याच चालीवर त्यांनी एक गीत रचलं होतं आणि शनिवारच्या सभेत ते मालूनंच गायचं, असं ठरलं होतं. साथीला पेटीवर सावंतकाका होते. पण सावंतकाकांनी सत्याग्रहात स्वतःला अटक करवून घेतली आणि पेटीच्या खोलीची किल्ली खिशात घेऊनच ते तुरुंगात गेले.

"आता साथीला कोण?" तात्यांनी गॅलरीतून सगळ्या चाळीला विचारलं.

आमची खिडकी आणि त्यांची गॅलरी यांच्यामध्ये एक गल्ली होती. इतकी अरुंद, की हात लांब केला तर लोणच्याची वाटी देता-घेता यायची. वाट्या बऱ्याच गेल्या-आल्या. त्यापलीकडे मला ती गल्ली कधी ओलांडता आली नव्हती. रोज सकाळी मालूची ती चाल ऐकत मी खिडकीशी उभा राहायचो आणि गोदीतल्या कारकुनीला रोज उशिरा पोचायचो. साहेब विचारायचा, "लेट का?" काय सांगणार? विंचरायला केस लांब आहेत, म्हणून?

गिटार शिकलो तोही त्याच चालीपायी. गोदीतून सुटलो की माझगावात पीटरमास्तरांकडे जायचो. ते संध्याकाळी हॉटेलच्या बँडमध्ये वाजवत आणि त्याआधी मला सहन करत. पहिल्याच दिवशी मी त्यांना मालूची चाल गुणगुणून दाखवली आणि म्हणालो, "एवढंच शिकवा." त्यांनी ती गिटारवर बसवून दिली आणि आपली जुनी गिटारही घरी न्यायला दिली. ती चाल मी बोटांना घट्टे पडेपर्यंत घोटली होती. तेव्हा तात्यांचा प्रश्न ऐकून मला वाटलं, हा साक्षात बोलावा आहे.

"खरंच?" मालू म्हणाली. "मी काळी पाचमध्ये गाते हं. चालेल?"

"काळी पाच काय, काळी पन्नास असली तरी चालेल."

ती हसली. त्या हसण्यावर मी माझगावपर्यंत चालत गेलो. रस्ता कधी संपला, कळलंच नाही.

"तुझी सिंगर गाते कुठं?" पीटरमास्तरांनी विचारलं.

"घोडपदेवला."

"जागा नाय विचारली, मॅन. पट्टी, पट्टी."

"काळी पाच."

मास्तरांनी सिगारेट विझवली. अर्धी उरली असताना विझवली, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"तू वाजवतो पांढरी सहा," ते म्हणाले. "अर्धी पट्टी खाली."

"अर्धीच ना?"

"अर्धीच."

आता यात कठीण काय, ते सांगितलं पाहिजे. कारण मलाही तेव्हा कुणीतरी सांगावं लागलं. गाणाऱ्याला अर्धी पट्टी वर म्हणजे काही नाही, गळा थोडा उचलायचा. पेटीवाला शेजारच्या पट्ट्यांवर बोटं सरकवतो आणि वर पानही लावतो. गिटारचं तसं नाही. गिटारच्या काही तारा मोकळ्याच वाजतात, त्यांना हात लावावा लागत नाही. पांढरी सहामध्ये माझं निम्मं काम त्या मोकळ्या ताराच करत होत्या. मी इकडेतिकडे दोन-तीन बोटं ठेवायची आणि बाकीचं त्यांनी आपापलं गुणगुणायचं. मला वाटत होतं, मी वाजवतोय! अर्धी पट्टी वर गेलं, की एकही तार मोकळी उपयोगाची राहत नाही. मग पहिलं बोट साही तारांवर लाटण्यासारखं आडवं टाकायचं, दाबून धरायचं, आणि उरलेल्या बोटांनी गाणं वाजवायचं.

"लोकांना वाटते फास्ट म्हणजे डिफिकल्ट," मास्तर म्हणाले. "फास्ट काय, प्रॅक्टिस केली का होते. मोकळी तार गेली ना, मंजे खरा डिफिकल्ट. सगळा तूच करायचा. कोन मदत करत नाय."

मी बोट आडवं टाकून पाहिलं. गिटारमधून कोंबडीचं पिल्लू पायाखाली आल्यासारखा आवाज निघाला.

"किती दिवसांत जमेल?"

"दिवस?" मास्तर म्हणाले. "वरीस बोल."

तारांवर बसवायचा एक चाप मिळतो म्हणे. तो आडव्या बोटाचं काम करतो. मास्तरांचा चाप एका मित्राकडे होता आणि मित्र बोटीवर होता. बोट कुठे होती, हे मास्तरांना माहीत नव्हतं. ताराच पिळून अर्धी पट्टी वर चढवाव्यात, तर जुन्या तारा तुटतील म्हणून मास्तरांनी खुंट्यांना हात लावायची बंदी केली होती.

त्याच वेळी परत येऊन मालूला खरं सांगितलं असतं, तर काम मिटलं असतं. पण गल्लीपलीकडून तिनं विचारलं, "बसलं ना?" आणि मी म्हणालो, "अगदी." शिवाय घरी आईनं वेगळाच घाट घातला होता. तात्यांकडे निपाणीचं एक स्थळ आलं होतं. सीमाभागाशी नातं जोडणं हीसुद्धा चळवळच, असं तात्यांचं मत होतं (मुलीचं मत चळवळीनं विचारलं नव्हतं). आईला हे सगळं ठाऊक होतं आणि माझी खिडकीही ठाऊक होती.

"झिला," ती म्हणाली, "शनिवारचा गाणा नीट होऊं दे. तात्या खूश असतले. रविवारी सकाळीच मी जावन बोलतंय."

म्हणजे माझं लग्न आता साही तारांवर आडवं पडलं होतं.

शुक्रवारी मी पेन्सिल घेतली, तारांवर आडवी ठेवली आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधली. पेन्सिल सुटली ती थेट आईच्या आमटीत पडली. आईनं डावानं पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. बाबा बाजूला बसून हे बघत होते. बाबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते (गिरणीत मागाला साचा म्हणतात). सगळं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे हळू बोललेलं त्यांना ऐकू यायचं नाही.

"काय करतोयस?" त्यांनी विचारलं.

"तारा दाबायच्यात!" मी ओरडलो.

"मग दाब की."

"दाबत नाहीत!"

"आण इकडे."

त्यांनी आपलं उजव्या हाताचं बोट गिटारच्या गळ्यावर आडवं ठेवलं. जाडजूड, तुटलेले धागे बांधून बांधून टणक झालेलं. मी तारा छेडल्या आणि सहाच्या सहा तारा स्वच्छ वाजल्या. काळी पाच! मी तसाच भीत भीत गळ्यावरच्या आडव्या दांड्यांमधल्या पुढच्या घरांवर माझी जुनी बोटं ठेवली, आणि मालूची चाल मालूच्या पट्टीत आमच्या खोलीत उभी राहिली. आई चुलीपासून उठून दारात आली.

"बाबा, उद्या सभेत असंच धरून बसाल?"

"किती वेळ?"

"एक गाणं!"

"हात्तिच्या. मी साचा अख्खी पाळी धरतो."

शनिवारी संध्याकाळी पटांगणात दोन बाकं जोडून व्यासपीठ केलं होतं. मालू मध्ये उभी. तिनं आपल्या आईची हिरवी साडी नेसली होती. तिच्या शेजारी गिटार घेऊन मी, आणि माझ्या डाव्या मांडीला मांडी लावून बाबा. ते दृश्य बघून पहिल्या रांगेतली एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "पोरगा वाजवतोय, तर बाप कशाला धरून बसलाय?"

"नवीन असेल. पळून जाईल म्हणून."

मालूनं सूर लावला. मी तारा छेडल्या, आणि ते जमलं. एक अख्खं कडवं जमलं. तिचा आवाज वर जाऊन थांबायचा, तिथे माझी तार त्याला हात द्यायची. मालूनं एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर मी पुष्कळ ऐकलं, पुष्कळ वाजवलं, पण माणसाच्या वाट्याला येतं तेवढं सगळं मला त्या एका कडव्यात मिळालं, असं मला अजून वाटतं. कडवं जरा लांब हवं होतं.

कडवं संपलं आणि तात्यांनी व्यासपीठाच्या कडेवरून गर्जना केली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

आमची तालीम खोलीत झाली होती आणि खोलीत घोषणा नव्हत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"झालाच पाहिजे!" सारं पटांगण गरजलं, हजार मुठी वर गेल्या, आणि त्यात सगळ्यात उंच मूठ बाबांची होती. उजवी. कुजबुज ऐकू न येणाऱ्या माणसाला घोषणा मात्र चांगली ऐकू येते.

मी दुसरं कडवं सुरू करून बसलो होतो. निम्म्या तारा काळी पाचमध्ये, निम्म्या पांढरी सहामध्ये. मालू दचकली.

"बाबा, हात," मी पुटपुटलो.

"झालाच पाहिजे," बाबा मला दुजोरा देत म्हणाले.

"बोट, बोट!"

त्यांनी घाईनं बोट ठेवलं, पण एक घर पुढे. आता गिटार मालूच्याही वर गेली. मालू बिचारी क्षणभर वर आली, मग खाली गेली, मग कुठे जावं या विचारात थांबली. तेवढ्यात कडवं संपलं, निदान तात्यांच्या हिशेबानं संपलं, आणि पुन्हा गर्जना झाली. या वेळी मी बाबांचं मनगटच पकडलं. बाबांनाही काय ते उमजलं आणि त्यांनी दात-ओठ खाऊन हात जागेवर ठेवला. हजार मुठी वर, एक खाली.

"काय शिवराम," साचेखात्यातला कुणीतरी मागून ओरडला, "हात कुठाय तुझा? पार्टी बदललीस काय?"

असलं बोलणं बाबांना ऐकू यायलाच हवं होतं का? त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. फार केविलवाणं पाहिलं. मग उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले. त्यांचं कोपर गिटारच्या डोक्याला लागलं, गिटार माझ्या मांडीवरून सुटली, बाकावर आपटली आणि गोल फिरत तात्यांच्या पायाशी जाऊन थांबली.

सगळं पटांगण हसलं. मालू हसली नाही. तिनं डोळे मिटले आणि उरलेली कडवी एकटीनंच म्हटली, साथीशिवाय, काळी पाचमध्ये. हळूहळू हसणं थांबलं. शेवटच्या कडव्यानंतर घोषणा द्यायची तात्यांनाही आठवण राहिली नाही. मी बाकावर रिकाम्या हातांनी बसून ऐकत होतो. बोटं मांडीवर आपोआप हलत होती.

ठरल्याप्रमाणे रविवारी आई गेलीच. परत आली तेव्हा मी खिडकीशी होतो.

"काय म्हणाले तात्या?"

"म्हणाले, स्वतःच्या तारा दाबूक ज्येका बापूस लागता, तेका चेडू कसा देव?"

चेडू, म्हणजे मालू, लग्न होऊन निपाणीला गेली. पुढे मुंबईसह महाराष्ट्र झाला. चाळीत पेढे वाटले, बाबा रस्त्यात नाचले, सावंतकाकांनी पेटी वाजवली. मीही नाचलो. पण निपाणी काही महाराष्ट्रात आली नाही. त्यानंतर सीमाप्रश्नाच्या प्रत्येक सभेला मी न चुकता जायचो आणि निपाणीचं नाव आलं की घसा फुटेपर्यंत ओरडायचो. लोकांना वाटे, काय निष्ठा आहे!

गिटार सोडली नाही. पीटरमास्तर म्हणाले होते वरीस, मला त्याच्या कितीतरी पट लागलं. बाबा गेले. त्यांनी धरली होती ती जागा आता माझं पहिलं बोट धरतं. तेही आता जाड झालंय. एक दिवस सहाच्या सहा तारा त्याच्याखाली स्वच्छ वाजल्या, आणि ऐकायला नेमकं तेव्हा घरात कुणी नव्हतं, आईसुद्धा देवळात गेली होती.

परवा मालू माहेरी आली होती, आईला भेटायला म्हणून आमच्याकडे आली. केस पांढरे, अजून लांब. चहा झाला, नातवंडांची चौकशी झाली. आईनंच विषय काढला, "वाजव मरे ता. आता येता तेका."

मी गिटार काढली. बोट आडवं टाकलं आणि काळी पाचमध्ये ती चाल सुरू केली. एकही तार चुकली नाही. मालू ऐकत राहिली, मग हलकेच गुणगुणायला लागली आणि दुसऱ्याच ओळीला थांबली.

"सदा, खाली घे रे. आता नाही चढत आवाज. पांढरी सहा घे."

मी बोट उचललं. मोकळ्या तारा आपोआप वाजल्या. मला हसू आलं आणि थांबेचना. मग मी तिला सगळंच सांगितलं: माझ्याकडे तेव्हा पांढरी सहाच होती, तेवढीच येत होती, मोकळ्या तारा, चाप, बोटीवरचा माणूस, आमटीतली पेन्सिल आणि बाबांचं बोट.

मालूनं कप खाली ठेवला.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. "मग तेव्हा तोंड उघडायला काय झालं होतं, मूर्खा? अर्धीच पट्टी होती. मी आले असते खाली."