आभारात नाव नको

"ही आमच्याकडची कोट्यातली. हिला आकडेमोड द्या, सिद्धता नको."

पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी आलेला पुण्याचा पोस्टडॉक इंग्रजीत बोलला. हसत. ओहायोतल्या आमच्या विद्यापीठात, गणित विभागाच्या कॉमन रूममध्ये, सगळ्यांसमोर. थोड्या वेळापूर्वीच त्याने मला मराठीत विचारलं होतं, "तुमचं आडनाव काय हो?" मी सांगितलं होतं.

माझे पीएचडीचे गाईड शेजारीच कॉफी पीत होते. जन्माने इंग्रज. नंबर थिअरीतलं मोठं नाव. उभं आयुष्य मूळ संख्यांच्या मागे घातलेला माणूस. बाप कोळशाच्या खाणीत. तिकडच्या मोठ्या कॉलेजात गेले, तर पोरं यांच्या बोलीची नक्कल करायची. वर्गात तोंड उघडणंच यांनी सोडलं. शेवटी देश सोडला. हे त्यांनीच मला सांगितलेलं. मी यवतमाळहून इथवर आले ती यांचे पेपर वाचून. वाटलं होतं, हा आपला माणूस.

त्यांनी विचारलं, "कोटा म्हणजे काय?" पोस्टडॉकने समजावलं. हे मान डोलावत राहिले.

मग माझं काम पोस्टडॉककडे गेलं. "हा भाग नाजूक आहे. तू कॉम्प्युटरवर तपासून बघ," गाईड मला म्हणाले. पण त्यांच्या सिद्धतेतली कित्येक वर्षं अडलेली पायरी मीच सोडवली होती. अख्खा हिवाळा तिच्याशी झुंजून. फळ्यावर ती वाचून हेच "ब्यूटिफुल" म्हणाले होते.

सेमिनारमध्ये पोस्टडॉकने तीच पायरी मांडली. पडद्यावर नावं दोन. त्याचं आणि गाईडचं.

मी उभी राहिले.

"ही पायरी माझी आहे."

सगळे गाईडकडे बघायला लागले. ते चष्मा पुसत बसले.

नंतर खोलीत बोलावलं. "पेपरच्या आभारात तुझं नाव घालू."

"आभार नकोत, सर. लेखक म्हणून घाला. नाहीतर पायरी काढा."

"तुमच्याकडची भांडणं इथे आणू नकोस. गणितात जात नसते."

"तुमच्या बोलीला हसले, ते गणिताच्याच वर्गात ना, सर?"

ते लालबुंद झाले. दाराकडे बोट दाखवलं.

पेपर छापून आला. नावं दोनच. मी विद्यापीठाकडे तक्रार केली. पुरावा अपुरा, म्हणाले. यांनी मला सोडलं होतं, आणि दुसरा कुणी गाईड मला घेईना. गाईड नाही, म्हणजे व्हिसाही नाही. आईला फोनवर सांगून टाकलं. ती म्हणाली, "तिथंही तेच हाय का, माय?"

हो. तेच.

ती पायरी मी माझ्या एकटीच्या नावाने लिहून नेटवर टाकली. कुणी विचारलं नाही. विचारणारही नाहीत. मी परत चालले आहे, पदवीशिवाय. पुढे काय, माहीत नाही.

त्यांच्या खोलीत निरोपाला जाणार नाही. शिफारस मागणार नाही. उपाशी राहीन. पण माझ्या डोक्यातलं पुन्हा कुणाच्या नावावर चढू देणार नाही.