माहिती संपली की पेन्सिल उचला

हंजी सरांना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा मनातून त्यांच्यावर चांगलीच चिडले होते, हे त्यांच्या षष्ट्यब्दीच्या गौरवग्रंथात लिहायला हरकत नसावी. नागपूरहून संख्याशास्त्राची पदवी आणि संगणकाचा अभ्यासक्रम पदरात पाडून मी बेंगळुरूच्या रेशीम संशोधन केंद्रात रुजू झाले होते. विभागप्रमुख माधवराव हंजी यांनी माझी प्रमाणपत्रे शांतपणे पाहिली आणि माझ्यापुढे आलेखाचा कागद व पेन्सिल ठेवली.

"आधी हातानं टिंबं काढायची," ते म्हणाले. "मग यंत्राला मारू दे की रेघ."

सर मूळचे निपाणीचे. मराठी आणि कानडी दोन्ही त्यांच्या घरच्याच भाषा, त्यामुळे अख्खे केंद्र त्यांना दोन्ही भाषांत चालणाऱ्या 'अण्णा' या नावाने हाक मारते. त्यांचा नियम साधा होता. प्रत्यक्ष मोजलेली निदान पाच टिंबे हाताने काढायची, यंत्राची रेघ त्यांच्याजवळून जाते का ते पाहायचे, आणि मोजलेली माहिती संपली की पेन्सिल उचलायची. त्यापुढे रेघ ओढणे त्यांना खोटी साक्ष देण्यासारखे वाटे.

मला हा सारा प्रकार जुनाट वाटायचा. त्यात मी सहा महिन्यांच्या परिवीक्षाकाळावर होते, नोकरी अजून पक्की नव्हती आणि काहीतरी करून दाखवायची घाई होती. होसकोट्याकडच्या रेशीमकिड्यांच्या संगोपनगृहांतून नोंदी आल्या होत्या: खोलीचे तापमान, हवेतला दमटपणा आणि रेशीमकोषांचे वजन. मी त्या संगणकात भरल्या, समीकरण बसवले आणि तापमानाच्या परिणामाचा आलेख मागितला. प्रिंटरने खरखरत एक देखणी रेघ छापली, वर वर चढत जाणारी. खोली जितकी उबदार, तितका कोष वजनदार! मी हरखून गेले. टिंबे काढायचे मी सरळ टाळले. संगोपनगृहांत शेगड्या ठेवाव्यात असे सांगणारे पत्रक लिहिले, सरांची सही घेतली आणि ते शिवाजीनगरच्या छापखान्यात धाडलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर माझ्या टेबलाशी आले. "काल घाईत सही केली. तुझी टिंबं कुठं आहेत?"

टिंबे नव्हतीच. त्यांनी मला तिथेच बसून पाच काढायला लावली. पाचही टिंबे उतरत गेली आणि माझी रेघ त्यांच्या डोक्यावरून भलतीकडेच चढत होती. पत्रक वाचून लोकांनी शेगड्या पेटवल्या असत्या, तर त्या दमट खोल्यांत किडे पटापट मेले असते.

सर मात्र खुलले. रागावतील असे वाटले होते. त्यांनी बाह्या सरसावून खुर्ची ओढली. नोंदी उलटसुलट भरल्या गेल्या का? नाही. समीकरण चुकले का? तेही नाही. मग ते थांबले. "स्वल्प थांब. खोली दमट असली की उष्णता बाधते आणि कोरडी असली की तितकी बाधत नाही, हे तुझं समीकरणच सांगतंय. मग ही रेघ काढताना यंत्रानं दमटपणा किती धरला?"

मी जाडजूड माहितीपुस्तिका उघडली. आकडा सांगितला नाही तर यंत्र शून्य धरते, असे तिथे स्वच्छ लिहिले होते. सर खुर्चीतून उठलेच. "शून्य दमटपणा! अगं, असली खोली बेंगळुरूत कुठाय? आपल्या नोंदी साठ टक्क्यांच्या खाली गेल्यात का? माहिती संपली त्याच्याही कितीतरी पलीकडं रेघ ओढलीय यानं."

मी नेहमीचा दमटपणा, पंच्याहत्तर टक्के, टाइप केला. नवी रेघ खाली वळली आणि पाचही टिंबांच्या अंगावरून गेली. तो आनंद मला आजही शब्दांत सांगता येत नाही. सर तर टाळी द्यायला हात पुढे करून उभे होते.

मग रिक्षा केली आणि शिवाजीनगर गाठले. छापखान्याच्या मालकांनी "अण्णा, अर्धं छापून झालं की," म्हणत गठ्ठा दाखवला. एकही पत्रक बाहेर गेले नव्हते. सरांनी तो गठ्ठा उचलून सोबत घेतला. वाया गेलेल्या छपाईचा जाब द्यायला केंद्राच्या संचालकांपुढे मी माझी नोकरी गेल्यात जमा आहे असे धरून उभी राहिले, तर सर म्हणाले, "टिंबं न बघता सही मी केली. चूक हिनं शोधली." पहिले वाक्य खरे होते. दुसरे खरे नव्हते, पण त्यावरच माझी नोकरी टिकली.

तो गठ्ठा अजून विभागात आहे. नव्याने येणारा प्रत्येक जण त्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर आपली पहिली पाच टिंबे काढतो. हा लेखही मी तशाच एका पाठीवर लिहिते आहे.

सरांच्या आयुष्याची साठ टिंबे झाली. त्यांच्या नियमाप्रमाणे मला इथे पेन्सिल उचलायला हवी. अण्णा, क्षमा करा, आज मी ती उचलणार नाही. ही रेघ मी पंच्याहत्तरीवरून थेट शंभरीपर्यंत ओढते आहे, निरोगी आणि चढती. तिच्याखाली दरवर्षी एकेक टिंब काढायला आम्ही सगळे आहोत.