समाजमंदिरातला चार्जर

बॅटरीवर चालणारी गाडी आमच्या गावाला मिळाली ती एका सरकारी योजनेतून. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. सांगलीहून आष्टा ओलांडलं की आमचं गाव, भोवती सगळा ऊस. निवडलेल्या गावांना डिझेल न लागणारी एक गाडी द्यायची, ती चार्ज करायची सोय करून द्यायची आणि गावानं ती आजारी माणसं, गरोदर बाया, म्हातारीकोतारी यांच्यासाठी वापरायची, अशी ती योजना. गाडी चालवणारा आणि चार्जिंग बघणारा, दोघंही गावातलेच हवेत ही अट होती. चालवायला मेजर आले आणि चार्जिंग बघायला मी.

मेजर म्हणजे खरं तर हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पण लष्करातून आलेल्या कुणालाही आमच्याकडे मेजरच म्हणतात. अठरा वर्षं त्यांनी डोंगरातल्या रस्त्यांवर लष्कराचे ट्रक चालवले होते. गावापासून कोसभर वर, माळावर त्यांचं घर होतं. उसाचं शेत भाऊ बघायचे. घरात म्हातारी आई होती आणि घर तिच्या शब्दावर चालायचं.

मी सांगलीच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला होता. वर्गात मी एकटीच मुलगी. वडील माधवनगरच्या एका गिरणीत मोटारींच्या दुरुस्तीवर होते, त्यांच्याकडून मला हा नाद लागला. गिरणी बंद पडल्यावर ते घरी बसले, पण घरातला टेस्टर त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नाही. माझा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आता तुझ्याजवळ ठेव."

चार्जर कुठं बसवायचा यावरून गावात पहिला वाद झाला. सगळ्यांनी धरलं होतं की तो चावडीत बसणार. योजनेचे इंजिनियर मीटर घेऊन आले. चावडीत त्यांनी सकाळी व्होल्टेज मोजलं, मग उसाचे पंप सुरू झाल्यावर पुन्हा मोजलं, तेव्हा ते पार उतरलं होतं. ट्रान्सफॉर्मर होता आमच्या बौद्धवाड्याच्या कडेला, आणि त्याला लागून नवं समाजमंदिर. पक्की फरशी, वेगळं मीटर, दाराशी गाडी लावायला जागा.

"गाडी गावाची आणि मुक्काम तिकडं?" गावातल्या एका बड्या शेतकऱ्यानं विचारलं.

"व्होल्टेज जिथं आहे तिथं," इंजिनियर म्हणाले आणि वायर मोजायला लागले.

तर अशी गाडी रोज दुपारी आमच्या वाड्यात यायला लागली. मेजर ती दाराशी लावायचे, मी चार्जर जोडायची. सगळा संच शिशाच्या बॅटऱ्यांचा. दर आठवड्याला झाकणं काढून पाण्याची पातळी बघायची, कमी असेल तिथं डिस्टिल्ड वॉटर घालायचं, टर्मिनलवरची पांढरी बुरशी घासून ग्रीस लावायचं, काचेच्या नळीनं ॲसिडचा दाटपणा मोजून वहीत लिहायचा. दाटपणा उतरला की समजायचं, बॅटरी म्हातारी होत चालली. ॲसिडच्या शिंतोड्यांनी माझ्या एकाही ओढणीला भोकाशिवाय ठेवलं नाही. आई म्हणायची, "लग्नात तरी धड ओढणी ठेव एक."

गाडीला आवाज नव्हता. रस्त्यात झोपलेली कुत्री उठायची नाहीत, बैलगाडीवाल्यांना मागं काही आलंय हे कळायचं नाही. हॉर्न वाजवला की आत बसलेल्या आजारी माणसाला दचकायला होतं म्हणून मेजर खिडकीतून हात काढून दारावर थाप मारायचे आणि "सरका गड्या" म्हणायचे. क्षयाची औषधं आणायला जाणारा आमच्याच वाड्यातला एक माणूस आणि उसाच्या बागायतदाराची गरोदर सून, दोघं एकाच बाकावर बसून सांगलीला जायची. जाताना बोलायची नाहीत, येताना थोडं बोलायची. एवढं मी पाहिलंय. त्याहून जास्त काही झालं असं मी म्हणणार नाही.

मेजर माझ्याशी नीट वागायचे. मी सांगितलेलं ऐकायचे. 'आज आष्ट्याच्या पुढं नको' म्हटलं की जायचे नाहीत. पण दोन वर्षं ते आमच्या दारात येत राहिले आणि पाण्याचा घोट त्यांनी घेतला नाही. आई पहिल्या दिवशी तांब्या घेऊन गेली तेव्हा म्हणाले, "आत्ताच प्यालोय, वैनी." नंतर आईनं विचारणं सोडलं. गाडीत त्यांची लष्करातली हिरवी बाटली असायची.

तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन सांगलीला झालं. तिला घरी आणायच्या दिवशी सकाळी मी दाटपणा मोजला होता. तीन बॅटऱ्या पार उतरल्या होत्या. मी वही मेजरांपुढं धरली.

"सांगली झेपायची न्हाई, मेजर. जाल, पण येताना चढ काढायची न्हाई ती."

"डॉक्टरनं आजच सोडायचं म्हटलंय. धक्का बसू द्यू नका म्हणाल्यात. यस्टीत न्यू का तिला?" ते म्हणाले. "सावकाश आणतो."

सावकाशच आणली. भर दुपारी गाडी रांगत आमच्या वाड्यापर्यंत आली आणि काटा तळाला टेकला. घर अजून कोसभर होतं आणि तोही चढ. बैलगाडीत धक्के बसले असते, पायी न्यायचं तर डोक्यावर चैत्रातलं ऊन. दोन तास चार्ज केलं की माळ चढता येईल असा मी हिशेब केला आणि चार्जर जोडला. अर्धा तास झाला नसेल, तेवढ्यात वीज गेली.

गाडीचा पत्रा तापला होता. मेजरांनी आईला हाताला धरून समाजमंदिरात आणलं, फरशीवर सतरंजी टाकून बसवलं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी आणि दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू. भिंतीवरच्या तसबिरी, कोपऱ्यातला पंचशील ध्वज, यातलं तिला काही दिसत नसणार.

"कुठं आलो रं आपन?" तिनं विचारलं.

मारुतीच्या देवळात, असं ते म्हणू शकले असते. तिला कळलं नसतं. मला वाटलं, आता ते तसंच म्हणणार, आणि मी खाली बघितलं.

"समाजमंदिरात, आये," मेजर म्हणाले. "बौद्धवाड्यात. गाडी चार्ज व्हायची हाय."

तिनं पदर सारखा केला. टेकलेली पाठ भिंतीपासून सोडवून घेतली आणि ताठ बसली. नंतरचे तीन-साडेतीन तास ती तशीच बसून होती.

माझी आई दारात तांब्या घेऊन आली. आत आली नाही. "मावशी, पानी घेता का? लय ऊन हाय."

"नगं," म्हातारी म्हणाली. आवाजात राग नव्हता. मेजरांची हिरवी बाटली सांगलीतच रिकामी झाली होती.

वीज येईना. हाताला काम असावं म्हणून मी बॅटऱ्यांत पाणी घालत बसले. डबा मोठा प्लास्टिकचा, वर सील, कंपनीचा कागद चिकटवलेला. नळीतून पाणी उतरताना त्याचा बारीक आवाज व्हायचा. समाजमंदिरात दुसरा कसला आवाज नव्हता, आणि तिची तहान वाढत चालली असणार.

"कसलं पानी ओततीस गं पोरी?"

"बॅटरीचं, आजी. सांगलीस्नं येतं. बंद डब्यातनं."

"मग त्यातलं घोटभर दे की."

माझ्या हातात नळी तशीच राहिली. आई दारातच होती. मेजर खांबाला टेकून उभे होते, त्यांनी मान वळवली.

"ते प्यायचं पानी न्हाई, आजी."

"सांगलीचं हाय न्हवं? कंपनीचं?"

"व्हय. पन ॲसिडच्या कॅनशेजारी असतं. नळीबी तीच. पोटात गेलं तर बाधंल."

"मी काय मरत न्हाई घोटानं," ती म्हणाली.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. द्यावं, असं आलं. आईच्या घासूनपुसून आणलेल्या तांब्यातलं जिला चालत नाही, तिला हे चालतंय, तर पिऊ दे. माझा हात डब्याच्या झाकणाकडे गेलाही होता. आयटीआयच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं की या डब्यावर 'पिऊ नये' असं तुम्हीच लिहायचं, दुसरं कुणी लिहिणार नाही. ते मी लिहिलं होतं, लाल ऑइलपेंटनं, माझ्याच अक्षरात. ती अक्षरं समोर होती. मी डबा उचलून गाडीमागं नेऊन ठेवला.

परत आले तेव्हा मेजर दाराशी गेले होते. त्यांनी आईच्या हातातून तांब्या घेतला. वरून धार धरून नाही, तोंडाला लावूनच प्याले. म्हातारीला घोट ऐकू आले.

"कोन पितंय?"

"मी, आये."

तिनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. मग म्हणाली, "पल्टनीत बी पीत व्हतास?"

"व्हय. अठरा वर्सं."

"मला कवा सांगितलं न्हाईस."

"तू कवा इचारलं न्हाईस."

मेजरांनी तांब्या परत दिला आणि म्हणाले, "वैनी, दोन वर्सं झाली. चुकलं माझं." आईनं तांब्या घेतला. 'असू दे' असं ती म्हणाली नाही. मला ते तेव्हा खटकलं होतं, आता खटकत नाही.

चारच्या सुमाराला वीज आली. तासाभराच्या चार्जिंगवर मेजर आईला घेऊन माळ चढले. जाताना म्हातारीचे ओठ पांढरे पडले होते. तिनं पाणी घेतलं नाही ते नाहीच.

दुसऱ्या दिवशी मेजर टायरची हवा बघत खाली बसले होते, तिथूनच म्हणाले, "घरी जाऊन चरवीभर पानी प्याली. आन् माझं ताट येगळं काढलं."

"म्हंजे?"

"माझं ताट, वाटी, तांब्या. येगळं ठेवलंय कोपऱ्यात. स्वैपाकघरात यायचं न्हाई म्हणाली." हवा बघून झाली होती तरी ते उठले नाहीत. "भाऊ म्हनत्यात, गोमूत्र शिंपडून घ्ये, म्हातारीचं समाधान व्हईल. न्हाई म्हटलं मी. त्या कोपऱ्यातच जेवतो."

आमच्या कैक पिढ्या त्या कोपऱ्याच्याही बाहेर जेवल्या होत्या, आणि तरी पन्नाशीचा माणूस स्वतःच्या घरात भिंतीकडे तोंड करून जेवतोय, हे डोळ्यांपुढं आल्यावर मला वाईट वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं. मी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "उद्या त्यास्नी च्या घ्यायला थांबीव."

ते थांबले, आणि मग रोज थांबायला लागले. वडिलांशी त्यांचं जमलं. दोघं गिरणीतल्या आणि पलटणीतल्या मोटारींवर बोलायचे. म्हातारी पुढच्या थंडीत गेली. मेजरांचं ताट शेवटपर्यंत वेगळंच होतं की कधी आत घेतलं गेलं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. म्हातारी गेल्यावर तिसऱ्या दिवशी ते कामावर आले, डोकं मुंडलेलं, आणि म्हणाले, "कुठंवर जाईल आज?"

"आष्ट्याच्या पुढं न्हाई," मी म्हणाले.

नव्या बॅटऱ्यांसाठी मी तीन अर्ज लिहिले होते. प्रत्येकाबरोबर वहीतल्या आकड्यांची नक्कल. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं, की प्रस्ताव विचाराधीन आहे. तिसऱ्याला आलं की योजनेचा कालावधी संपला असून वाहन तालुक्याच्या ठिकाणी जमा करावं. तोपर्यंत गाडी गावातल्या गावातच फिरत होती, नंतर तेवढंही नाही. क्षयाचा तो माणूस पुन्हा एसटीनं जायला लागला. आणखी दोन महिन्यांनी त्यानं जाणं सोडलं, आणि पावसाळ्याआधी तो गेला. गाडी असती तर वाचला असता असं मी म्हणत नाही. पण ती सांगलीला जात होती तोवर त्याची एकही खेप चुकली नव्हती, एवढं माझ्या वहीत आहे.

गाडी न्यायला ट्रॅक्टर आला तो दिवस मला आठवतो. दोर बांधून ओढत न्यायची होती, पण ब्रेक धरायला आत माणूस हवा होता. मेजर आपल्या जागेवर बसले. लष्करातला स्वेटर घातला होता, उन्हाळा असूनही. त्याआधी आम्ही दोघांनी चार्जर उतरवला. त्यांनी मेन बंद केला, मी वायरी सोडवल्या, एकेक वायर गुंडाळून चिठ्ठी लावली, म्हणजे पुढं कुणाला जोडायची झाली तर अडायला नको.

"टेस्टर लावून बघ एकदा," मेजर म्हणाले.

मी लावून बघितला. वीज नव्हती. ट्रॅक्टर निघाला, दोर ताणला, आणि मेजरांनी खिडकीतून हात काढून दारावर थाप मारली. दारात उभी असलेली पोरं बाजूला झाली. मी समाजमंदिर झाडलं, कुलूप लावलं आणि किल्ली ग्रामपंचायतीत देऊन आले.