मंगळवारचा उपास

कुणी गाडी थांबवून "चला काका, सोडतो" म्हटलं की ते उजवा हात छातीवर ठेवायचे, किंचित वाकायचे आणि म्हणायचे, "आज आपला उपास हाय." एवढं बोलून पुन्हा चालू लागायचे. इमारतीत नव्याने राहायला आलेल्यांना वाटायचं, मंगळवार आहे म्हणजे गणपतीचा असणार. पण उपासाचा आणि गाडीत बसण्याचा संबंध काय, हे त्यांना उलगडायचं नाही. मग जुन्यांपैकी कुणीतरी हसत सांगायचं, अहो, काकांचा उपास पेट्रोलचा असतो.

रोडपालीला आमच्याच मजल्यावर ते आणि काकू राहायचे. गाव उरणकडचं, आणि उभी नोकरी समुद्रातल्या तेलविहिरींवर झालेली. घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसं ते विहिरींबद्दल बोलायचे. "आधी ती स्वतःहून देत होती. मग आमी खाली पानी ढकलून काढाय लागलो. आता वर येते त्यात पानीच जास्त." तेल संपणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. पण त्यावरून कुणाशी हुज्जत घालायचे नाहीत. गच्चीवर उभे राहून खारघरचे टॉवर दाखवायचे आणि शांतपणे विचारायचे, नाशिकहून ट्रकच आला नाही तर तिथल्या विसाव्या मजल्यावरचा माणूस खाणार काय? संपल्यावर शिकायला वेळ मिळणार नाही, तेव्हा आतापासून आठवड्यातला एक दिवस सवय करायची, एवढंच त्यांचं म्हणणं.

माझं कळंबोलीत ट्रकच्या टायरचं दुकान. म्हणजे काकांचं खरं झालं तर आधी मीच झोपणार. त्यामुळे त्यांची फिरकी घेणं हा मी माझा हक्कच समजायचो. उपासाला शेंगदाणे चालतात तसा तुम्हाला सीएनजी चालतो का, असं मी एकदा विचारलं. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, नाही, तोही तिथलाच. आणि लोकल? लोकलची वीज कोळशाची, तो वेगळ्या देवाचा उपास, तो अजून धरलेला नाही. मग कुणीतरी त्यांना पायातल्या प्लास्टिकच्या चपलेवरून पकडलं. पुढच्या मंगळवारी काका पनवेलच्या बाजारातून आणलेल्या चामडी वहाणा घालून निघाले. त्या इतक्या चावल्या की महिनाभर ते लंगडत होते, पण वहाणा बदलल्या नाहीत.

मंगळवारी त्यांच्या घरात गॅसही पेटायचा नाही. काकू सोमवारी संध्याकाळी जास्तीच्या भाकऱ्या थापून ठेवायच्या. आमची ही त्यांना म्हणायची, काकू, तुमची दर आठवड्याला शिळासप्तमी. खरं तर काकांनी त्यांना हे कधी सांगितलं नव्हतं. घरात एकट्यानेच उपास करणं बरं दिसत नाही म्हणून काकूंनीही तो धरला, तो धरलाच. जोडीने जिना उतरताना दोघं फार छान दिसायची.

अशाच एका मंगळवारी सकाळी काकूंच्या भाच्याचा पेणहून फोन आला. काकूंची धाकटी बहीण बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली होती. घाबरण्यासारखं काही नाही, पण आई तुझी वाट बघते, ये, असं तो म्हणाला. मी दुकानाला निघालो होतो, दारातच हे कळलं. चला, मी सोडतो, तासाभरात पेणला पोचू, असं मी म्हटलं. काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "आज नको. यांचा उपास हाय. उद्या पयल्या एसटीनं जाऊ."

काकांनी माझ्याकडे वळून उजवा हात छातीवर ठेवला.

संध्याकाळी ते माझ्या दारात उभे होते. म्हणाले, "गाडी काढशील का?" तेवढ्यावरूनच मी समजलो, पेणची बहीण गेली. कर्नाळ्याची चढण गेली, पेण आलं. तिथे ओटीवर बसलेल्या बहिणीच्या नवऱ्याने तक्रार अशी केली नाही. दुपारपर्यंत ती दाराकडे बघत होती, एवढंच तो म्हणाला. काका खाली मान घालून उभे राहिले.

पुढच्या सोमवारी काकूंनी नेहमीप्रमाणे जास्तीच्या भाकऱ्या केल्या. मंगळवारी सकाळी काकांनी स्वतः उठून गॅस पेटवला आणि दोन कप चहा केला. हे काकूंनीच नंतर आमच्या हिला सांगितलं. उपासाचं नाव त्यानंतर त्या घरात निघालं नाही. महिन्याभरात काकांनी एक जुनी गाडी घेतली, आणि दर मंगळवारी, बरोबर मंगळवारीच, ते काकूंना घेऊन पेणला जायला लागले. एकट्या राहिलेल्या साडूसाठी काकू डबा करून न्यायच्या. इमारतीत कुणी त्यावर हसलं नाही. मीही नाही.

एकदा हायवेवरच्या पंपावर ते माझ्यापुढेच होते. पंपवाल्याने किती म्हणून विचारलं. काका म्हणाले, "फुल्ल कर." मला पाहून ते खाली उतरले आणि जवळ आले.

"तेल संपनार हाय रे. मी खोटा नव्हतो."

"नाही काका," मी म्हणालो.

"पन आता अर्ध्या टाकीवर निघायची भीती वाटते. हिला कुठं पोचायचं असंल आन मी पोचवलं नाय तर?"

त्या माणसाच्या तोंडी हे ऐकून मला फार वाईट वाटलं. आपण सगळे जे ऐकायला तयार नव्हतो ते तो एकटा गेली कित्येक वर्षं मुकाट्याने करून दाखवत होता. त्याचं खरं होतं, आणि तरी तो हरलेल्या माणसासारखा रांगेत उभा होता.

गेल्या दिवाळीनंतर काका झोपेतच गेले. गाडी अजून खाली पार्किंगमध्ये उभी आहे. मुलगा पुण्याहून येतो आणि विकू या म्हणतो, काकू बघू म्हणतात. परवा त्या आमच्याकडे बसल्या होत्या. गाडीचाच विषय निघाला, आणि बोलता बोलता म्हणाल्या, "त्या दिवशी मलाच जायचं नव्हतं."

मला आधी कळलंच नाही.

"तिला तशी बघवनार नव्हती मला. पाय उचलत नव्हता. यांचा उपास हाय म्हटलं आन सुटले." मग बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "यांना सांगायचं होतं. आज सांगीन, उद्या सांगीन. हे गाडी चालवताना एवढं जपून चालवायचे, वाटायचं, पेनला पोचल्यावर सांगीन."

आमच्या हिने चहा पुढे केला. काकूंनी तो घेतला आणि न पिता तसाच खाली ठेवला.