चौथा हप्ता

आमच्या किराणा दुकानात डाव्या कोपऱ्याला एक टेबल आहे आणि त्या टेबलावर माझं राज्य आहे. तेल-साखर नवऱ्याकडे, मशीन माझ्याकडे. मशीन म्हणजे तळहातापेक्षा थोडं मोठं, वर पडदा, आत कागदाची गुंडाळी, बाजूला अंगठा ठेवायची काच. लाइट बिल, रिचार्ज, अंगठ्यावर बँकेतले पैसे काढून देणं आणि अलीकडे कर्जाचे हप्ते, सगळं त्यातूनच होतं. एरवी यासाठी तालुक्याला, शहाद्याला जायचं म्हणजे गाडीभाडं आणि मोडलेली मजुरी, म्हणून गाव माझ्याकडे यायचं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? बारावी नापास बाई मी. पण सरपंचसुद्धा बिल पुढे करून "ताई, जराखं देख ना" म्हणायचा, तेव्हा मान आपोआप ताठ व्हायची.

कामाची माझी एक पद्धत होती. आमच्याकडे रेंज दिवसभर लपाछपी खेळते. शिवाय मशीनच्या खात्यात मी आधी जेवढे पैसे टाकून ठेवलेले असतील, तेवढीच बिलं त्यातून भरता येतात. म्हणून दिवसभर मी रोख घ्यायचे, हाताने पावती लिहून शिक्का मारून द्यायचे आणि संध्याकाळी गच्चीवर रेंजमध्ये बसून सगळी बिलं एकदम चढवायचे. चढवायचे म्हणजे खरोखर भरायचे. खात्यात पैसे कमी पडले तर उरलेली दुसऱ्या दिवशी. गावात कुणाला यात काही वावगं वाटत नव्हतं. लाइट बिलाला दोन दिवस उशीर झाला तर कुणाचं काय बिघडतं? आमचा वायरमन ओळखीचा. कुणाची लाइन तोडायची असली की शिडी लावायच्या आधी दुकानात डोकावून विचारायचा, "ताई, यान्हं बिल भरेल शे का?" मी म्हणायचे, "भरेल शे, जाय तू." तो शिडी उचलून जायचा. बिलाचे पैसे तेव्हा अजून माझ्या गल्ल्याच्या डब्यातच असायचे.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मावशी राहते. नात्याची नाही, पण लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिला मावशीच म्हणते. ती आणि तिचा नवरा, मूलबाळ नाही. दरवर्षी दिवाळीनंतर दोघं ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे जायचे आणि होळीनंतर परत यायचे. त्या वर्षी मावशीचे गुडघे धरले. तिला खाली बसता येईना, मग वाकून ऊस काय तोडणार? म्हणून डोकरा एकटाच जायला निघाला. ती नवऱ्याला डोकरा, म्हणजे म्हातारा, असंच म्हणायची आणि आम्हीही. टोळीही ओळखीची मिळाली नाही, धडगावकडची मिळाली. संसार मांडल्यापासून दोघं पहिल्यांदाच वेगळे राहणार होते.

जायच्या चार दिवस आधी दोघं माझ्या टेबलापाशी आले. माझ्या मशीनवर हप्त्याने फोन मिळतो हे मावशीला कुठूनतरी कळलं होतं. डोकऱ्याने बाजारातून कुणाचा तरी वापरलेला फोन आणला होता, आता तिला हवा होता.

"माय, त्यामा त्यान्हं तोंड दिसी का?" तिने विचारलं.

"दिसी ना मावशी. बोलताना तोंड हालस ते बी दिसी."

डोकरा लाजून तंबाखू मळत बसला.

मी कामाला लागले. आधार कार्ड, फोटो, अंगठा. अंगठा काही उमटेना. ऊस तोडून तोडून तिच्या बोटांवरच्या रेषाच पुसल्या होत्या. तिला हात धुवायला लावला, केसांवरून अंगठा फिरवायला लावला, तेव्हा सहाव्या खेपेला पडदा हिरवा झाला. मग इंग्रजीत लांबलचक मजकूर आला. मी न वाचता खाली सरकवला आणि तिच्या वतीने "मान्य" दाबलं. तसं मी सगळ्यांच्याच वतीने दाबायचे. दोन मिनिटांत कर्ज मंजूर झालं. दर महिन्याच्या पाच तारखेला एक, असे दहा हप्ते. कर्ज देणाऱ्या कंपनीचा पोरगेला एजंट फोन द्यायला आला तेव्हा हसत हसत म्हणाला होता, "ताई, हप्ता चुकला की फोन आपोआप बंद होतो बरं का. आतलं सॉफ्टवेअरच तसं आहे." मी मावशीला त्यातलं एवढंच सांगितलं की वेळेवर दे म्हणजे झालं.

ती वेळेच्या आधीच द्यायची. पाच तारखेचा हप्ता तीनलाच आणायची, कापसाच्या वेचणीचे पैसे आले की आधी माझ्याकडे. मी लिहून दिलेली पावती घडी करून ब्लाउजमध्ये ठेवायची.

संध्याकाळी रेंज असते म्हणून ती आमच्या ओट्यावर येऊन बसायची. डोकऱ्याचा फोन यायचा आणि आमची करमणूक व्हायची. कारण तो व्हिडिओ कॉल लावायचा आणि फोन कानालाच धरायचा. मावशीला दिसायचा तो फक्त कान. ती ओरडायची, "तोंड दखाड ना रे, कान काय दखाडस!" तो घाईघाईने फोन समोर धरायचा, एक वाक्य बोलायचा आणि ऐकायची वेळ आली की पुन्हा कान. तीन-चार महिने तिने नवऱ्याचा कान पाहिला. पण फोन ठेवल्यावर ती ज्या चेहऱ्याने घरी जायची ना, तो पाहून मला माझ्या मशीनचा अभिमान वाटायचा.

चौथा हप्ता मार्चमधला. तीन तारखेला मावशीने पैसे दिले, मी पावती दिली. संध्याकाळी गच्चीवर बसले तर खात्यात पैसे कमी. सगळी बिलं जाणार नव्हती. गावातल्या एका बागायतदाराच्या बंगल्याचं बिल होतं, मोठ्या रकमेचं. त्याची शेवटची तारीख होती आणि त्याचा मला दोनदा फोन येऊन गेला होता. एक तर ते जाणार, नाहीतर बाकीची बारीकसारीक. मी ते चढवलं. मावशीचा हप्ता बाजूला ठेवताना मनात काय आलं तेही मला नीट आठवतं. मावशी काही म्हणायची नाही, असं आलं.

दुसऱ्या दिवशी चढवणारच होते. पण चार तारखेला सकाळीच माहेरी, धानोऱ्याला निघाले. चुलतभावाचं लग्न होतं. बँकेत जाऊन खात्यात पैसे टाकायचे राहिले आणि मशीन कपाटात राहिलं. तिकडे हळद, मांडव, पाहुणे. पाच तारीख आली आणि गेली, मला आठवणसुद्धा झाली नाही.

सॉफ्टवेअर काही वायरमन नाही. त्याने कुणाला हाक मारली नाही. सहा तारखेला मावशीचा फोन बंद झाला. ती दुकानात आली. नवऱ्याला मशीनमधलं ओ की ठो कळत नाही. तो म्हणाला, ती परवा येईल, तेव्हा दाखव. लग्नघरी फोन करून मला कशाला त्रास द्यायचा, असं त्याला वाटलं.

आठ तारखेला दुपारी मी परतले तर मावशी ओट्यावर बसलेली. फोन पदरात गुंडाळलेला. मला बघताच उठली.

"मन्हा हाते काहीतरी दबाई गयं वं माय. वल्ल्या हाते धरा व्हता मी. तीन दिन व्हयनात, त्यान्हा आवाजच नही."

मी फोन हातात घेतला. पडद्यावर लाल पट्टी, तिच्यावर इंग्रजीत, हप्ता थकला आहे, भरणा करा. मावशीला वाचता येत नाही. आणि त्या क्षणी मी जे बोलले ते मला आजही माझ्याच तोंडचं वाटत नाही.

"हा मावशी, दबाई गयं व्हई काहीतरी. बठ तू, मी देखस."

नवऱ्याच्या बँकेतले पैसे, ज्यांना मी एरवी हात लावत नाही, ते त्याच्या फोनवरून मशीनच्या खात्यात टाकले. पाठमोरी उभी राहून हप्ता चढवला. दहा मिनिटांत फोन उघडला. उघडला तसे मिस्ड कॉलचे मेसेज एकामागून एक येऊ लागले, थांबेचनात. सगळे एकाच नंबरवरून. मावशीचा जीव भांड्यात पडला. म्हणाली, "देख, वाट देखी ऱ्हायना व्हता तो." तिने मलाच फोन लावायला सांगितला.

फोन टोळीतल्या कुणीतरी उचलला. तो तुटक मराठीत बोलत होता. डोकऱ्याला कावीळ झाली होती. पाच तारखेला दवाखान्यात ठेवलं. सहा आणि सात, दोन्ही दिवस तो बायकोला फोन लावत होता, मग हात उचलेना तेव्हा दुसरे लावून देत होते. आमच्या गावातलं टोळीच्या ओळखीचं कुणी नव्हतं आणि डोकऱ्याच्या फोनमध्ये मावशीचा एकच नंबर होता. सात तारखेला दुपारी तो गेला. मयत घेऊन गाडी सकाळीच निघाली आहे, गाव विचारत विचारत येईल, असं तो माणूस म्हणाला. बारडोलीहून आमचं गाव काही फार लांब नाही. सहा तारखेला कळलं असतं तर मावशी त्याच दिवशी त्याच्या उशाशी पोचली असती.

गाडी दिवस मावळायच्या आत आली. मी सगळं केलं. पाणी तापवलं, मावशीला धरून बसले, तेरा दिवस माझ्या घरून डबा गेला. लोक म्हणाले, पोटची पोर करणार नाही एवढं हिने केलं. मी ऐकून घेतलं.

त्या दिवसापासून हाताने पावती लिहिणं मी बंद केलं. माणूस समोर उभा असतानाच चढवते, रेंज नसेल तर पैसेच घेत नाही. गावाला वाटलं मला शिंगं फुटली. मावशीचे उरलेले हप्ते मी भरते म्हणाले तर ती ऐकेना. "त्यान्ही पसंत करेल फोन शे, मीच भरसू," म्हणाली. दर महिन्याच्या तीन तारखेला ती गुडघे धरत यायची, आणि तो दिवस जवळ आला की मला जेवण जायचं नाही.

ती कशालाच हात लावेनाशी झाली होती. फोन लावायचा असला तर "तूच दाब माय, मन्हा हात खराब शे" म्हणायची. रेशनच्या मशीनवर अंगठा ठेवायच्या आधी दुकानदाराला दोनदा विचारायची, काही बिघडणार नाही ना? पिठाच्या गिरणीत शेजारणीने बटण दाबायला सांगितलं तर ही मागे सरली. शेजारीण मला हसत हसत सांगत होती. मी हसले नाही, पण बोललेही नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. खरं कळलं तर ती मला काय म्हणेल आणि गाव माझ्या टेबलाकडे येईल का, हाच हिशेब माझ्या डोक्यात चालायचा.

सप्टेंबरात दहावा हप्ता आला. मशीनमधून कागद निघाला, कर्ज पूर्ण. मी तो तिच्या हातात दिला आणि मग मला धीर धरवला नाही. नवरा माल आणायला शहाद्याला गेला होता, दुकानात आम्ही दोघीच होतो. मी सांगितलं. हप्ता तिने तीन तारखेलाच दिला होता, मी चढवला नाही, फोन मी बंद पाडला, तिच्या हाताने काहीही दाबलं गेलं नव्हतं.

तिने हातातल्या कागदाची घडी केली. रडली नाही. मग म्हणाली, "त्या दिन कोन्हं बिल भरं तू?"

मी बागायतदाराचं नाव सांगितलं. त्याच्याच शेतात ती कापूस वेचायला जाते.

"नही भरती ते, त्यान्ही लाइट कटाई जाती का?"

"नही मावशी," मी म्हणाले. "दोन रुपया दंड लागता, बस."

तिने मान हलवली. मग स्वतःचा उजवा हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "सहा महिना मी म्हनी ऱ्हायनी, मीच मारं त्यासले. तुन्हाजवळ बशीसनी रडनी मी. तवयच सांगी देती ते काय व्हतं?"

ती उठली, भिंतीला धरून पायरी उतरली. मी हात पुढे केला होता, तो तिने धरला नाही. आता लाइट बिल भरायला ती टमटममधून शेजारच्या गावी, कळसाडीला जाते, तिथे कुणाकडे मशीन आहे म्हणे. माझ्या टेबलावरून रस्ता दिसतो. ती जाताना दिसली की मी मान खाली घालते.

फोन बंद होता ते तीन दिवस मी हप्ता विसरले होते, एवढं तरी मी देवासमोर म्हणू शकते. पुढचे सहा महिने मी एक दिवसही काही विसरले नव्हते, आणि ती माझ्यासमोर बसून स्वतःच्या हाताला शिव्या देत होती.